वेव्ह एक्स्टेन्शन: पहिल्या चाळणीला उत्तम, दाखल्याला नाही

दिव्यांग हक्क कायदा, २०१६ आणि आयएस १७८०२ (साइट दिव्यांगांनाही वापरता यावी यासाठीचं भारतीय मानक) यांच्यासाठी साइट तपासायला बसलात, तर वेबएम या संस्थेचं वेव्ह हे मोफत ब्राउझर एक्स्टेन्शन आधी टाका. तपासणी ब्राउझरमध्येच होते, त्यामुळे लॉगिनच्या आतली पानंही तपासता येतात.

लेबल नसलेले रकाने आणि ऑल्ट मजकूर (चित्राचं शब्दांतलं वर्णन) नसलेली चित्रं लगेच लाल होतात. साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट ४.५:१ पेक्षा कमी असला की तेही कळतं. फोटोवर छापलेली अक्षरं मात्र स्वतःच तपासा.

मराठी साइटवर खरी गोची भाषेची. html टॅगमध्ये लँग (पानाची भाषा सांगणारा कोड) अजिबात नसेल तर वेव्ह ओरडतं. पण टेम्प्लेटमधून आलेलं ‘ईएन’ (इंग्रजी) तसंच राहिलं, तर गप्प! मग स्क्रीन रीडर (पान मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) मराठी मजकूर इंग्रजी आवाजाच्या हवाली करतो. तिथे ‘एमआर’ (मराठी) हवं.

पीडीएफ ते बघत नाही. कीबोर्डचा सापळाही (जिथून टॅब दाबून बाहेर पडता येत नाही अशी जागा) नाही; माउस बाजूला ठेवून ओटीपीपर्यंत टॅब दाबत जा, मग एनव्हीडीए या स्क्रीन रीडरने ऐका. एका वेळी एकच पान तपासतं, मोठ्या साइटला कंटाळवाणं. शून्य चुकांचा स्क्रीनशॉट अनुपालन अहवालात डकवणाऱ्या कंत्राटदाराचं बिल रोखून धरा.