गढूळ नदी, तरंगती पिंपं: रेझिन ओतावं की जेल लावावं?

डायोरामात १/३५ मापाचा पीटी-७६, म्हणजे पाण्यात पोहणारा रणगाडा, बांगलादेशातल्या मेघना नदीत उतरवायचा बेत असेल तर वॉटरलाइन (रणगाडा पाण्यात बुडतो ती रेघ) कुठे आखायची, पुढची लाट अडवणारी फळी उभी करायची, मागच्या दोन्ही वॉटरजेटपाशी फेस दाखवायचा, हे तुम्हाला ठाऊक असणारच. अडतं ते पाण्यापाशी: ते ओतायच्या रेझिनचं करायचं की ब्रशने लावायच्या ॲक्रिलिक जेलचं? आणि त्याहून जास्त, पाण्यावर जे तरंगतं त्यापाशी.

आधी रेझिनची बाजू, कारण त्याचं एक काम दुसऱ्या कशानेच होत नाही. तळ दिसणारं साचलेलं पाणी, म्हणजे बॉम्बने पडलेला खड्डा किंवा गाळात रुतलेलं चाक दाखवायचं असेल, तर इपॉक्सी रेझिनच. रेझिन आणि हार्डनरचं प्रमाण वजनाने की मापाने, ते डब्यावर नीट वाचा. सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. सावकाश ढवळा, कपाच्या कडा खरवडा, दुसऱ्या कपात ओतून पुन्हा मिनिटभर ढवळा. एका वेळी ३ ते ५ मिमी, पुढचा थर २४ तासांनी. रेझिन अडवायला बाजूंना ओएचपी शीट (पारदर्शक प्लास्टिकचा कागद), आतून पॅकिंग टेप, सांध्यांना हॉट ग्लू. पाणी अडतं त्या फटीतूनही रेझिन रात्रभरात बाहेर येतं, तेव्हा खाली जुना पेपर हवाच. फायबरग्लासच्या कामाचं पॉलिएस्टर रेझिन स्वस्त मिळतं म्हणून आणू नका. ते थर्माकोल खातं आणि किटचं प्लास्टिकही.

हवामानात दोघांचीही रड आहे. नाशिकच्या पावसाळ्यात रेझिनवर तेलकट, पांढुरकी साय धरते. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री ते इतकं घट्ट होतं की बुडबुडे वर येतच नाहीत, आणि मे महिन्यात दुपारी कपातच तापून बसतं. जेललाही आषाढ-श्रावण मानवत नाही, २ मिमीचा थर कित्येक दिवस दुधाळ राहतो. फरक इतकाच की जेल वाट पाहिल्यावर बहुधा आपोआप साफ होतं.

माझ्यापुरता निकाल मात्र हवामानाने लागला नाही. रेझिन चढतं! ज्या वस्तूला टेकेल तिच्या अंगावर ते मिलिमीटर-दीड मिलिमीटर सरकतं आणि तिथेच चकचकीत कॉलरसारखं वाळतं. रणगाड्याच्या हलवर (धडावर) ते ओल म्हणून खपून जातं. पण १/३५ मध्ये तरंगती फळी असते दीड-दोन मिमी जाडीची, ती या कॉलरमध्ये बुडूनच जाते. १/७०० च्या जहाजाला मिलिमीटर म्हणजे सत्तर सेंटिमीटर, तिथे तर बोलायलाच नको. वरून मॅट वार्निश मारून चमक जाते, पण कडेचा तो गोल चढाव उजेड पकडतोच.

शिवाय तरंगत्या वस्तू ठेवायची वेळ आपल्या हातात नसते. रेझिन मधासारखं झालं की थोडाच अवधी मिळतो. त्याआधी ठेवलं तर पिंप कलंडतं, नंतर ठेवलं तर काचेवर मांडल्यासारखं दिसतं. बाल्सा (हलकं लाकूड) सीलरने बंद केलेलं नसेल तर प्रत्येक तुकड्याखालून बुडबुडे निघतात. तीस-चाळीस तुकडे असतील तर घड्याळाकडे बघतच काम करावं लागतं.

जेलमध्ये एका संध्याकाळी दोन फळ्या, दुसऱ्या संध्याकाळी एक पिंप, असं चालतं. फोमच्या पाटावर हलच्या आकाराचं भोक कापा. फेविकोल आणि पाणी समसमान घेऊन त्यात टिश्यू भिजवा आणि सुरकुत्या वाऱ्याला आडव्या ठेवून चिकटवा. वाळल्यावर रंग. नदी गढूळ असेल तर खोली रंगानेच दाखवायची असते, पारदर्शक थराची गरज नसते, आणि रेझिनचा मोठा गुण इथे वायाच जातो. वर ग्लॉस हेवी जेल, एका वेळी मिलिमीटरभरच, ब्रशच्या टोकाने थापटत. ३० बाय २० सेंमीच्या पाटाला एका थरात साधारण ६० मिली लागतं. तेवढ्याच जागेत १० मिमी रेझिन म्हणजे ६०० मिली. जेल वाळताना आकसतं, म्हणून लाटा जरा चढ्या ठेवा. पैसे वाचवायला वरचं पाणीच फेविकोलचं करू नका, दमट हवेत ते पुन्हा पांढरं पडतं. उन्हाळ्यात जेल किंचित चिकट राहून धूळ धरतं हा त्याचा खरा दोष, त्यावर कडक ग्लॉस वार्निशचे दोन हात लागतातच.

वस्तू किती बुडवायची हे मात्र कुठल्याच बाटलीवर लिहिलेलं नसतं. रिकामं २०० लिटरचं पिंप आडवं तरंगतं आणि जेमतेम दहावा हिस्सा पाण्यात असतो. १/३५ मध्ये ही बुडी अडीच मिमी, म्हणजे पिंपाची खालची बाजू तेवढीच तासून जेलवर बसवायची. लाकडी फळी याच्या उलट, दोन तृतीयांश पाण्याखाली. पेट्रोलने भरलेला जेरीकॅनही तरंगतो, कारण पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं आणि डब्यात वर हवेचा कप्पा ठेवलेला असतो; फक्त पाठ बाहेर दाखवा. पोलादी हेल्मेट तरंगत नाही, पण किटमध्ये उरलेलं असतं म्हणून पुष्कळ जण टाकून देतात.

मांडणीसाठी नाशिकला दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पुराचं पाणी लागलं की गोदाघाटावर पुलावरून बघावं. कचरा कधीच सारखा पसरलेला नसतो. खांबांच्या मागच्या भोवऱ्यात तो गोळा होतो, नाहीतर एका वळणदार रेघेत वाहतो, आणि पुराचा फेस पांढरा नसून मळकट बदामी असतो. पोहणारा रणगाडा कचरा दोन्ही बाजूंना सारतो, त्यामुळे मागे पट्टा मोकळा ठेवा. पानवेली (जलपर्णी) मेघनेलाही आहेत. पातळ कागदाची ३ मिमीची पानं पंचने पाडून, थोडी वाकवून, झुपक्याने लावा. एखादा झुपका चुकीच्या जागी बसला तर जेल ओलं असताना चिमट्याने उचलून जागा बोटाने सारखी करता येते.