दुर्मिळ आडनाव, बनावट वंशावळ आणि आमचे 749 युरो

माझ्या नवऱ्याचं आडनाव मात्रांगा. इटलीत रोस्सी, फेर्रारी, रुस्सो ही आडनावं आपल्याकडच्या पाटील-जाधवांसारखी गल्लोगल्ली भेटतात. मात्रांगा म्हटलं की आमच्या तोरिनोतला (ट्युरिनमधला) कारकूनसुद्धा मान वर करून स्पेलिंग विचारतो. लग्नानंतर मी माझं सांगलीचंच आडनाव ठेवलं, कारण इथे बाईचं माहेरचं आडनाव कागदोपत्री कायम राहतं. 2023 मध्ये मुलगी झाली तेव्हा तिला दोन्ही आडनावं लावली. त्याच्या आदल्या वर्षीच इथल्या घटनात्मक न्यायालयाने मुलाला आपोआप फक्त बापाचं आडनाव लावायची पद्धत रद्द केली होती. तर एकीकडे 'कर' जोडलेलं गावाचं नाव आणि दुसरीकडे मात्रांगा. पहिल्याचा अर्थ मला झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येईल. दुसऱ्याचा अर्थ खुद्द नवऱ्यालाही ठाऊक नव्हता, आणि तिथेच आम्ही फसलो.

माझ्या माहेरी कपाटात कुलवृत्तांत आहे. चुलत आजोबांनी गावोगाव कार्डं टाकून, नातेवाइकांच्या मागे लागून जमवलेला. कोण दत्तक गेला, कोणाचा वंश खुंटला, कोण इंदूरला स्थायिक झाला, सगळं त्यात आहे. घराण्याचा इतिहास छापील असतो आणि तो कुणीतरी खपून लिहिलेला असतो, हे मी लहानपणापासून धरूनच चालले होते. या विषयात कुणी खोटं लिहून विकत असेल, असं मनालाही शिवलं नाही.

2024 मध्ये सासऱ्यांची पंच्याहत्तरी होती. त्यांना न सांगता काहीतरी द्यायचं ठरलं आणि मला ही कल्पना सुचली. 'आडनावाचा उगम, प्रसार आणि कुलचिन्ह' अशी जाहिरात समोर आली. पहिला अहवाल 39 युरोंचा होता. दोन पानं आणि इटलीचा नकाशा. सिसिली बेटावरचा पालेर्मो प्रांत गडद तांबडा, तोरिनो आणि मिलानो फिकट, बाकी देश जवळजवळ कोरा. नवऱ्याचे सगळे काका-आत्या नेमके याच ठिकाणी, त्यामुळे आमचा विश्वास बसला. आज कळतं की तेवढा नकाशा खराच होता. टेलिफोन डिरेक्टरीतली नावं मोजून असा नकाशा कुणालाही काढता येतो, आणि तसे नकाशे फुकट पाहायला मिळतात. खऱ्या नकाशाच्या आधाराने पुढचं सगळं खोटं खपवलं गेलं.

चार दिवसांनी मेल आला. तुमचं आडनाव अत्यंत दुर्मिळ आहे, त्यामुळे नेहमीच्या संग्रहात काही मिळत नाही, पण पालेर्मोत आजवर कुणी न उघडलेले कागद आमच्या संशोधकाला सापडलेत, 290 युरो लागतील. अभिलेखागार दुरुस्तीसाठी बंद होणार असल्याने आठवड्याच्या आत कळवा. आम्ही बँकेतून पैसे पाठवले. मग दोन महिन्यांनी 'कुलचिन्ह नोंदणीचं प्रमाणपत्र' आणि लाकडी फळी, 420 युरो. एकूण 749, म्हणजे 70 हजार रुपयांच्या आसपास. प्रत्येक वेळी 'दुर्मिळ' हा शब्द आला की रक्कम वाढत होती. आडनाव जितकं दुर्मिळ, तितकी पडताळणी करणारी माणसं कमी, आणि हेच त्यांचं भांडवल.

पार्सल मात्र देखणं होतं. अक्रोडी रंगाची फळी, निळ्या ढालीवर सोनेरी सिंह, खाली फितीवर लॅटिन ओळ. सोबत 46 पानांचं बांधीव पुस्तक आणि लाखेची मोहोर लावलेलं प्रमाणपत्र. मोहोर मी सहज नखाने टोकरली तर ती रबरासारखी अखंड सोलून निघाली. तेव्हाच थांबायला हवं होतं. उद्या वाढदिवस, आता काय करणार, म्हणून मी ती डिंकाने परत चिकटवली.

रविवारी जेवणं झाल्यावर सासऱ्यांनी चष्मा लावून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. मात्रांगा हे व्हेनेतोतलं, म्हणजे व्हेनिसच्या प्रदेशातलं प्राचीन घराणं, मूळ जहाजं बांधणाऱ्या सुतारांचं, 9व्या शतकापासून अखंड वंश ज्ञात. सासूबाई कौतुकाने ऐकत होत्या. 17व्या पानावर सासरे थांबले, एका ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे मारांगोनी कोण?"

कुणालाच उत्तर देता येईना. मारांगोनी हे वेगळंच आडनाव आहे. व्हेनिसकडच्या बोलीत मारांगोन म्हणजे सुतार, त्यावरून आलेलं आणि तिकडे भरपूर आढळणारं. त्या लोकांनी मारांगोनींचा मजकूर उचलला होता, आडनाव बदललं होतं आणि एका ठिकाणी बदलायचं राहून गेलं होतं. 'म'च्या यादीत जवळ सापडलेलं एक आडनाव, एवढाच काय तो आमच्या घराण्याचा संबंध.

सासऱ्यांनी पुस्तक मिटलं. रागावले नाहीत. "पोरी, आपण सुतार नव्हतो," ते म्हणाले, "आपण आर्बेरेश." आणि नवऱ्याने वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी आपल्या आडनावाची गोष्ट पहिल्यांदा ऐकली.

15व्या शतकात ऑटोमन फौजांनी अल्बेनिया घेतला. त्यांच्याशी लढणारा अल्बेनियन सरदार स्कंदरबेग 1468 मध्ये वारला आणि प्रतिकार मोडत गेला. त्या काळात अल्बेनियन कुटुंबं समुद्र ओलांडून दक्षिण इटलीत आणि सिसिलीत आली. त्यांनाच आर्बेरेश म्हणतात. 1488 मध्ये मोनरेआलेच्या आर्चबिशपांशी करार होऊन त्यांतल्या काहींना पालेर्मोच्या दक्षिणेला डोंगरात जमीन मिळाली आणि गाव वसलं. ही माणसं कॅथलिकच, पण उपासना बायझंटाईन, म्हणजे ग्रीक चर्चसारख्या पद्धतीची, म्हणून आसपासचे लोक त्यांना ग्रीक समजायचे आणि गावाला 'पियाना देई ग्रेची' म्हणायचे. आजचं 'पियाना देल्यी अल्बानेझी' हे अधिकृत नाव 1941 मध्ये मिळालं. लग्न झालेले पुरोहित तिथे आजही आहेत. ईस्टरला बायका सोन्याच्या जरीचे पोशाख घालतात आणि लाल रंगवलेली अंडी वाटली जातात. पाचशेहून अधिक वर्षं झाली तरी घरात आर्बेरेश बोलली जाते. हे ऐकताना मला तंजावरचे मराठी आठवले. व्यंकोजीराजांच्या काळी दक्षिणेत गेलेली ती माणसं आजही घरात त्यांची मराठी बोलतात.

मात्रांगा हे त्याच लोकांचं आडनाव. मध्ययुगीन अल्बेनियात मातारांगा नावाचं सरदार घराणं होतं, आणि ग्रीसमध्ये मातारांगा नावाची गावं आजही आहेत. म्हणून आम्ही सरदार झालो असं नव्हे. भोसले आडनावाचा प्रत्येक जण काही साताऱ्याच्या गादीचा वारस नसतो. पण नाव कुठून आलं ते स्पष्ट आहे, आणि ते व्हेनेतोतून नक्कीच आलेलं नाही. पियानाच्याच लुका मात्रांगा नावाच्या पुरोहिताने 1592 मध्ये ख्रिस्ती शिकवणुकीचं एक छोटं पुस्तक आर्बेरेशमध्ये उतरवून छापलं. अल्बेनियन भाषेतल्या सर्वांत जुन्या छापील पुस्तकांत ते मोजतात. 46 पानांच्या 'संशोधनात' या माणसाचा साधा उल्लेखही नव्हता. हे आडनाव खरोखर शोधायला बसलेल्या कुणाच्याही नजरेतून तो सुटणं शक्य नाही.

पुढचा प्रसार सासऱ्यांच्या घरातच दिसतो. 19व्या शतकाच्या अखेरीस सिसिलीतून जहाजं भरभरून माणसं अमेरिकेला गेली, त्यांतली पुष्कळ न्यू ऑर्लीन्सला. तिथल्या पोलीसप्रमुखाच्या खुनाच्या खटल्यात चार्ल्स मात्रांगा नावाचा आरोपी होता. तो निर्दोष ठरला, पण 14 मार्च 1891 रोजी जमावाने तुरुंग फोडून 11 इटालियनांना ठार केलं. तो त्यातून वाचला. सासऱ्यांना हे नाव काढलेलं आवडत नाही, पण तेही ठाऊक होतं त्यांना. मग दुसऱ्या महायुद्धानंतर दक्षिणेतली माणसं उत्तरेच्या कारखान्यांत आली. सासरे 1968 मध्ये, एकोणिसाव्या वर्षी तोरिनोत आले. त्या काळात इथे 'दक्षिणेकडच्यांना घर मिळणार नाही' अशा पाट्या लागायच्या. त्यांनी बोलीही मिटवली आणि गावाचं नावही. म्हणून नवऱ्याला काही ठाऊक नव्हतं. नकाशावरचा तोरिनोचा फिकट ठिपका म्हणजे हे गप्प बसणं होतं, आणि त्या जागी कुणीतरी पैसे घेऊन निळा सिंह बसवू पाहत होतं. पैशांपेक्षा मला याचा संताप जास्त आला, आजही येतो.

त्यानंतर मी ते पुस्तक पुन्हा ओळ न् ओळ वाचलं. एका पानावर '1742 च्या बाप्तिस्मा नोंदवहीची नक्कल' होती आणि तिच्यात गावाचं नाव पियाना देल्यी अल्बानेझी. पेशवेकाळातल्या मोडी कागदावर 'अहिल्यानगर' असं दिसावं, तसंच हे. बनावट कागद ओळखायचा तर आधी जागांची जुनी नावं तपासा, तिथे ही माणसं हमखास चुकतात. '9व्या शतकापासून अखंड वंश' हीसुद्धा थापच. चर्चने बाप्तिस्मा-लग्नांच्या नोंदी ठेवायची सक्ती केली ती 1563 च्या त्रेंतोच्या धर्मसभेत. सरकारी जन्म-मृत्यू नोंदी सिसिलीत सुरू झाल्या 1820 मध्ये. साध्या कुटुंबाचा वंश त्याच्या फार मागे कागदावर दाखवणारा माणूस बहुतेक वेळा हवेतच लिहीत असतो.

आणि ते कुलचिन्ह. कुलचिन्ह आडनावाला नसतं, विशिष्ट घराण्याला दिलेलं असतं. एकाच आडनावाच्या शंभर कुटुंबांत एखाद्याकडे असेल, उरलेल्या नव्व्याण्णवांचा त्याच्याशी काही संबंध नाही. शिवाय इटलीच्या 1948 च्या राज्यघटनेत स्पष्ट लिहिलंय की सरदारकीच्या पदव्यांना मान्यता नाही. म्हणजे 'नोंदणीकृत कुलचिन्ह' असं प्रमाणपत्र सरकारी दिसावं म्हणून कितीही शिक्के मारले तरी त्यामागे कुठलंही सरकारी दप्तर नसतं. मी नोंदणी क्रमांकाचा स्रोत विचारला, तर उत्तर आलं, 'अंतर्गत नोंदवही'.

पैसे परत मागितले तेव्हा त्यांनी सांगितलं की वस्तू तुमच्यासाठी खास बनवलेली आहे, त्यामुळे 14 दिवसांत परत करायचा ग्राहकाचा हक्क लागू होत नाही. नियम खरा आहे, आणि म्हणूनच ते फळीवर आडनाव कोरून देतात. पण मजकूरच उचललेला असेल तर तो परतीचा प्रश्न उरत नाही, ती फसवणूक होते. आम्ही सायबर पोलिसांकडे रीतसर तक्रार दिली. मारांगोनीचं पान, मोहोर, मेल, सगळं जोडलं. बँकेतून परस्पर पाठवलेली रक्कम परत येत नाही, तशी ती आजवर आलेली नाही. कार्डाने भरली असती तर निदान बँकेशी भांडायला जागा होती.

खरं शोधायला आम्हाला शून्य युरो लागले. इटलीच्या सरकारी अभिलेखागारांचं 'अंतेनाती' नावाचं संकेतस्थळ आहे, अंतेनाती म्हणजे पूर्वज. जुन्या नोंदवह्यांची पानंच्या पानं तिथे जशीच्या तशी पाहता येतात. सासऱ्यांच्या वडिलांच्या जन्मदाखल्यापासून एकेक पिढी मागे जात, जुन्या गावाचं नाव धरून, आम्ही पाच रविवार बसलो. तपकिरी शाई, तिरकं अक्षर. 1831 च्या एका नोंदीत सासऱ्यांच्या पणजोबांच्या वडिलांचा जन्म सापडला. बापाचा धंदा 'ब्रच्चाले', म्हणजे रोजाने राबणारा शेतमजूर. शेवटी अधिकाऱ्याने लिहिलंय की नोंद वाचून दाखवली, पण बापाला लिहिता येत नसल्याने सही फक्त अधिकाऱ्याची. सासरे त्या ओळीवरून कितीतरी वेळ बोट फिरवत राहिले.

हे काम पैसे देऊन करून घ्यायलाही हरकत नाही, प्रामाणिक संशोधक आहेत. त्यांच्याकडे कुठलं अभिलेखागार, कुठली नोंदवही, साल आणि पान क्रमांक मागा, मूळ पानाचा फोटो मागा. खरा संशोधक तो न मागताच देतो, आणि इथून मागे काही मिळालं नाही, हेही सांगतो. आमच्या 46 पानांत 'मिळालं नाही' हे वाक्य एकदाही नव्हतं.

सासरे आता नातीशी आर्बेरेश बोलतात. भाकरी म्हणजे 'बुक', पाणी म्हणजे 'उय', मी ते शब्द वहीत देवनागरीत उतरवून ठेवते. दूरदेशीचं कुणी आपल्या बोलीतलं भेटलं की आर्बेरेश लोक 'ग्याकु इन इ श्प्रिशुर' म्हणतात, आपलं विखुरलेलं रक्त. वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी तेच लिहायला सांगितलं.

गेल्या महिन्यात मुलीच्या पाळणाघरातली एक आई मोबाईल दाखवत होती. ती ब्राझीलची, पणजोबा व्हेनेतोतून गेलेले, आडनाव असंच क्वचित आढळणारं. 'तुमचं आडनाव अत्यंत दुर्मिळ आहे,' मेल सुरू होत होता. रक्कम 290 युरो, मुदत आठवडा, फक्त कंपनीचं नाव नवीन. मी तिला घरी आणलं, कोठीच्या खोलीतून ती फळी काढली आणि तिच्या मोबाईलवरच्या चित्राशेजारी धरली. सिंहाच्या शेपटीचं टोक तसंच दुभंगलेलं, फितीची घडीही तीच, आडनाव तेवढं तिचं. तिने अजून पैसे पाठवले नव्हते.