कव्हर युवर ट्रॅक्स : ब्राउझरच्या ठशांची तपासणी

इंटरनेटचा वेग मोजणारी आणि आयपी पत्ता दाखवणारी संकेतस्थळे रग्गड आहेत. पण कुकीज (संकेतस्थळांनी ब्राउझरमध्ये ठेवलेल्या खुणा) पुसल्यावर आणि आयपी पत्ता बदलल्यावरही एखादे संकेतस्थळ आपल्याला कशावरून ओळखू शकते, हे प्रत्यक्ष दाखवणारी सोय क्वचितच आढळते. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या अमेरिकी ना-नफा संस्थेची ‘कव्हर युवर ट्रॅक्स’ ही मोफत तपासणी नेमके तेच काम करते. २०१० साली ती ‘पॅनॉप्टिक्लिक’ या नावाने सुरू झाली आणि २०२० मध्ये तिचे नामांतर झाले.

एक बटण दाबले की थोड्या वेळात निकाल येतो. जाहिरातींचे ट्रॅकर अडवले जातात का, याचे उत्तर वरच मिळते. मात्र खरी मौज खालच्या सविस्तर तक्त्यात आहे. पडद्याचा आकार, संगणकावरील फॉन्ट, ग्राफिक्स कार्डाचे नाव, प्रोसेसरच्या गाभ्यांची संख्या असे एकेक गुणधर्म तिथे मांडलेले असतात आणि प्रत्येकासमोर तो किती ब्राउझरांमागे एकाचा आहे, हे ‘बिट्स’मध्ये दिलेले असते. हे सगळे गुणधर्म मिळून ब्राउझरचा ‘ठसा’ बनतो. बिट्स जितके जास्त तितका गुणधर्म दुर्मीळ, आणि दहा बिट्स म्हणजे १,०२४ मध्ये एक, एवढे ध्यानात ठेवले की तक्ता सहज वाचता येतो. माझ्या क्रोमने कालक्षेत्र म्हणून ‘एशिया/कलकत्ता’ असे जुने नाव सांगितले, तर फायरफॉक्सने ‘कोलकाता’. म्हणजे मी कोणता ब्राउझर वापरतो, याची चुगली एका शहराच्या नावानेही होऊ शकते.

इन्कॉग्निटो खिडकीत तपासणी केल्यावर यांतले जवळपास काहीच बदलले नाही. ती खिडकी घरातल्यांपासून इतिहास लपवते, संकेतस्थळांपासून नव्हे, हे एरवी समजावून सांगावे लागते. इथे ते दिसते. ओळख लपवण्यासाठी बनवलेल्या टॉर ब्राउझरने मात्र माझे खरे कालक्षेत्र सांगितलेच नाही, कारण आपले सर्व वापरकर्ते शक्य तितके एकसारखे दिसावेत असाच त्याचा प्रयत्न असतो.

उणिवाही आहेत. संपूर्ण मजकूर इंग्रजीत आहे. शिवाय तुलना होते ती गेल्या ४५ दिवसांत ही तपासणी केलेल्या ब्राउझरांशी, आणि तिथे मुळात गोपनीयतेची काळजी असलेली मंडळीच अधिक जाणार. त्यामुळे महाराष्ट्रात घरोघरी दिसणारा स्वस्त फोनही तिथे दुर्मीळ ठरू शकतो. ‘तुमचा ठसा एकमेव आहे’ हा निकाल म्हणूनच जगाच्या नव्हे, तर या नमुन्याच्या हिशेबाने वाचावा.

मला सर्वांत खटकली ती भाषेची ओळ, अर्थात त्यात दोष तपासणीचा नाही. ब्राउझरच्या भाषायादीत मी मराठी पहिल्या क्रमांकावर ठेवली आहे आणि ती पसंती प्रत्येक संकेतस्थळाला आपोआप कळवली जाते. आपल्या भाषेत वाचण्याची हौस आपल्यालाच गर्दीतून वेगळे काढते, हे कळल्यावर मराठी हटवून मी पुन्हा तपासणी केली. त्या ओळीचे बिट्स बरेच उतरले, पण कॅनव्हास (ब्राउझरकडून गुपचूप काढून घेतलेले चित्र, जे यंत्रागणिक किंचित वेगळे उमटते) आणि फॉन्ट यांच्या जोरावर एकूण निकाल ‘एकमेव’ हाच राहिला. मग मी मराठी पुन्हा पहिल्या क्रमांकावर आणून ठेवली.