पॉम्पेई स्टेशनबाहेरचं 'तिकीट काउंटर': जाणाऱ्यांनी आधी हे वाचा

इटलीतलं प्राचीन पॉम्पेई शहर बघायला नेपल्सहून सोरेंतोला जाणाऱ्या लोकलने 'पॉम्पेई स्कावी' स्टेशनवर उतरलात की बाहेर 'इन्फर्मेशन', 'तिकीट' अशा पाट्या लावलेले काउंटर दिसतात. गळ्यात ओळखपत्र अडकवलेली माणसं पुढे येऊन अदबीने विचारतात, "तिकीट काढलंय का?" ती सरकारी तिकीट खिडकी नव्हे. खरी खिडकी पोर्ता मरीना प्रवेशद्वारापाशी आहे, स्टेशनपासून चालत दोन मिनिटांवर. ही दोन मिनिटं तुम्हाला चालू न देणं एवढंच या लोकांचं काम.

आम्ही चौघं होतो. मी, बायको, सोळा वर्षांची मुलगी आणि माझे वडील. बाबा मूळचे भोकरदनचे, इतिहासाचे शिक्षक म्हणून निवृत्त झालेले. पॉम्पेईचं नाव काढलं की ते एकाच गोष्टीबद्दल बोलायचे, तिथे सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीबद्दल. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली हे शहर गाडलं गेलं, आणि १९३८ साली पुरातत्त्वज्ञ अमेदेओ मायुरी यांच्या उत्खननात एका घरातून वीतभर उंचीची भारतीय मूर्ती निघाली. 'पॉम्पेईची लक्ष्मी' म्हणून ती ओळखली जाते. तेर आणि भोकरदनला अशाच घडणीच्या हस्तिदंती मूर्ती मिळाल्या आहेत, म्हणून ही सातवाहनांच्या मुलखातून तिकडे गेली असावी असं अनेक अभ्यासक मानतात. तेरच्या संग्रहालयातली मूर्ती बाबांनी पाहिलेली. आता ही दुसरी बघायची, एवढीच त्यांची इच्छा.

काउंटरवरचा माणूस म्हणाला, "आजची तिकिटं संपली. दिवसाला वीस हजारच लोक सोडतात." यातली मर्यादा खरी आहे, २०२४च्या नोव्हेंबरपासून ती लागू झाली. तिकिटावर नावही तेव्हापासूनच येतं. खऱ्या नियमाला खोटं जोडल्यावर ते खोटं वाटतच नाही. "गाईडसकट आमच्या कोट्यातून देतो, माणशी ४८ युरो. आजोबांना ज्येष्ठ नागरिक म्हणून पाच युरो सूट." बाबांनी मोबाईलवरचा मूर्तीचा फोटो दाखवला. त्याने एकदा पाहिला आणि म्हणाला, "हो, हो, आत आहे. गाईड दाखवेल." बाबांचा चेहरा उजळला. १८७ युरो दिले, पासपोर्टवरची नावं दिली, आणि बराच वेळ बाकावर बसून राहिलो.

मग तिकिटं हातात आली. त्यांवर किंमत छापलेली होती. मोठ्यांची १८ युरो. मुलीच्या तिकिटावर ०,००. अठरा वर्षांखालील मुलांना तिथे प्रवेश फुकट असतो, मग ती कुठल्याही देशाची असोत. आणि ज्येष्ठांना वयामुळे सवलत मिळते, असा नियमच नाही! खाली तिकीट काढल्याची वेळही होती, आमचे पैसे घेतल्यानंतरची. म्हणजे खिडकी उघडी होती, तिकिटं मिळत होती, आणि यांच्या माणसाने तिथूनच ती आमच्या नावावर आणली. ५४ युरोंची तिकिटं, बाकी सगळं 'गाईड'च्या नावाखाली.

गाईडमागे चाळीसेक माणसं. फोरम म्हणजे शहराचा मुख्य चौक, स्नानगृह, एक बेकरी, तासाभरात कार्यक्रम आटोपला. बेकरीतली दगडी जाती बघण्यासारखी आहेत, पण मागच्यांना गाईडबाईचा आवाजही पोहोचत नव्हता. बाबांनी मूर्तीचं विचारलं तेव्हा ती सरळ बोलली, "ती इथे नाही, नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तुम्हाला कोणी सांगितलं?" तिचा राग नाही मला, ती खरं बोलली. परत काउंटरवर गेलो तर तिथे दुसराच माणूस. पावतीवर फक्त 'पर्यटन सेवा' आणि एकूण रक्कम. "तुम्ही सेवा घेतली, आम्ही दिली," संपलं.

पैशांपेक्षा मला लागलं ते हे की एका म्हाताऱ्या माणसाची ओढ बघून त्याला जे तिथे नाहीच ते विकलं. त्यांच्यासाठी ते रोजचं असेल, बाबांसाठी नव्हतं.

तर, जाणार असाल तर तिकीट घरूनच काढा, 'पॉम्पेईसाइट्स डॉट ऑर्ग' या उत्खनन उद्यानाच्या अधिकृत संकेतस्थळावरून. नावं पासपोर्टप्रमाणे घाला, पासपोर्ट जवळ ठेवा. न काढता गेलात तर कोणी काहीही सांगो, आधी पोर्ता मरीनाच्या खिडकीवर जाऊन विचारा. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रवेश फुकट असतो, त्या दिवशी कोणी प्रवेशाचे पैसे मागितले तर तिथूनच फिरा. गाईड जरूर घ्या, एवढं मोठं शहर सांगणाऱ्याशिवाय कळत नाही. पण तिकीट वेगळं, गाईड वेगळा, आणि त्याचं फोटो-क्रमांकाचं परवानापत्र बघून, किती लोक, किती वेळ हे आधी ठरवून.

आणि लक्ष्मी बघायची असेल, किंवा अलेक्झांडरचं ते प्रसिद्ध मोझॅक (रंगीत खड्यांचं फरशीचित्र), तर त्या दोन्ही मूळ वस्तू नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयाच्या आहेत. पॉम्पेईत मोझॅकची प्रतिकृती आहे. संग्रहालयाचं तिकीट वेगळं, मेट्रोचं स्टेशन 'म्युझेओ', आणि मंगळवारी ते बंद असतं. एखादं दालन बंद असू शकतं किंवा वस्तू प्रदर्शनासाठी बाहेर गेलेली असू शकते, म्हणून निघण्यापूर्वी संग्रहालयालाच विचारून घ्या.