व्हीलचेअरवरून रोजची मेट्रो आणि सुट्टीच्या दिवशीचं पार्किंग: नागपुरातला काही महिन्यांचा अनुभव

नागपुरात व्हीलचेअरवर एकटीनं मेट्रोनं ऑफिसला जाता येतं का, हे मला इतक्या जणांनी विचारलंय की शेवटी एकदाचं सगळं लिहूनच काढते. थोडक्यात उत्तर हवं असेल तर हो, जाता येतं, मी जाते. उन्हाळ्यात सुरू केलं, पावसाळा काढला, आता थंडीही संपत आली. पण मेट्रो हा या प्रवासातला सोपा भाग आहे, अवघड भाग म्हणजे घराच्या गेटपासून स्टेशनच्या लिफ्टपर्यंतचा रस्ता, आणि त्याबद्दल फारसं कोणी बोलतच नाही.

आधी माझं सांगते म्हणजे अंदाज येईल. कमरेखाली ताकद नाही, हातानं चालवायची फोल्डिंग खुर्ची आहे, रुंदी चाकांसकट २५ इंच, हात चांगले मजबूत आहेत. वर्धा रोडच्या बाजूला राहते, ऑफिस कस्तुरचंद पार्कजवळ, म्हणजे ऑरेंज लाईनवर सरळ जाणं, सीताबर्डीला गाडी बदलायची गरज नाही. ज्यांना प्रजापती नगर किंवा लोकमान्य नगरकडे जायचंय त्यांना सीताबर्डीला ॲक्वा लाईन पकडावी लागते, तेही मी केलंय, लिफ्टनं होतं, फक्त हातात वेळ ठेवून निघा. मेट्रोच्या आधी नवरा कारनं सोडायचा, त्याला उशीर म्हणजे मला उशीर, तो टूरवर म्हणजे माझी रजा. ते संपलं, ही माझ्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट आहे आणि खालच्या सगळ्या तक्रारी वाचताना ती लक्षात ठेवा.

वर्धा रोडचा डबल डेकर पूल सगळ्यांना माहीत आहे, खाली रस्ता, मधे गाड्यांचा उड्डाणपूल आणि त्याच्यावर मेट्रो, ३.१४ किलोमीटरचा तो पट्टा, छत्रपती चौक, जयप्रकाश नगर, उज्ज्वल नगर ही स्टेशनं त्यातच येतात. बघायला भारी आहे पण खुर्चीवरच्या माणसासाठी याचा सरळ अर्थ असा की प्लॅटफॉर्म फार उंचावर आहे आणि वर जायचा आपला रस्ता एकच, लिफ्ट. एस्केलेटर आपल्या कामाचा नाही. लिफ्टमध्ये बटणं बसून हात पोचेल अशा उंचीवर आहेत, शेजारी ब्रेल आहे, तिकिटाच्या गेटांमध्ये एक रुंद गेट असतं त्यातून खुर्ची न घासता जाते, हे सगळं मुळातच धरून बांधलंय आणि ते रोज जाणवतं. स्टाफ मदतीला येतो. पहिल्या दिवसांत मी हो म्हणायची, आता बहुतेक वेळा नको म्हणते आणि ते ऐकतात, न विचारता मागून खुर्ची ढकलायला घेत नाहीत, हे मला फार आवडलं.

डब्यात चढणं मात्र शिकावं लागतं. प्लॅटफॉर्म आणि डबा यांच्यामध्ये जी फट असते ती चालणाऱ्याच्या लक्षातही येत नाही, पण खुर्चीची पुढची चाकं छोटी असतात आणि आपोआप वळतात, तिरकं गेलात तर ती बरोबर त्या फटीच्या रेषेत आडवी होतात आणि खुर्ची जागच्या जागी अडकते, अंग पुढे जातं. त्यामुळे एकतर दाराला एकदम काटकोनात, चाकं सरळ करून एका दमात जायचं, नाहीतर मी करते तसं पाठमोरं, मोठी चाकं आधी आत घालायची. मोठं चाक फट सहज ओलांडतं. दार उघडायच्या आधीच जागा धरून उभं राहावं लागतं, कारण उतरणाऱ्यांच्या मागून वळसा घालून जाईपर्यंत दार बंद व्हायची वेळ येते. व्हीलचेअरची खूण असलेल्या जागेसमोर कुठलं दार येतं ते पहिल्या दिवशीच स्टाफला विचारून घ्या. आत गेल्यावर ब्रेक लावायचे आणि एक हात दांड्याला, गाडी निघताना झटका बसतोच.

त्रास होतो तो माणसांचा. संध्याकाळी सहाच्या सुमारास लिफ्टसमोर बॅगा पाठीला लावलेली तरणीताठी पोरं रांगेत असतात, लिफ्ट भरते, जाते, परत भरते. ओरडून सांगितलं की बाजूला होतात, मनानं वाईट कोणी नाही, पण रोज ओरडून कोण सांगणार? आणि रांगेत एखाद्या काकूचे गुडघे खरंच दुखत असतात, एखाद्याला हृदयाचा त्रास असतो, ते बाहेरून दिसत नाही, म्हणून मी कोणाला एकट्याला बोलत नाही, सगळ्यांना मिळून सांगते, "ज्यांना जिना चढता येतो त्यांनी जिना घ्या." त्याचा उपयोग होतो.

आता बाहेरचं. नागपुरात सिमेंट रोड झाले, गाड्यांना मजा आली, पण जिथं नवा रस्ता आधीच्या पातळीपेक्षा वर आला तिथं कडेला एक पायरी तयार झाली आणि ती भरायला गट्टू, म्हणजे सिमेंटचे ठोकळे, बसवले. गट्टू खचतात. एक गट्टू अर्धा इंच खाली गेला तरी पुढचं छोटं चाक त्यात बसतं. फुटपाथवर चढायला उतार असतो तिथं नेमक्या दोन ॲक्टिव्हा लागलेल्या असतात, नाहीतर पानठेल्याचे बाकडे. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ते लोखंडी पाईप. मोटरसायकली फुटपाथवर चढू नयेत म्हणून उताराच्या तोंडाशी पाईप गाडतात, हेतू चांगला आहे, पण दोन पाईपांमध्ये अंतर किती ठेवायचं हे कोणी मोजत नाही. खुर्चीला किमान ९०० मिलिमीटर लागतात, दारांसाठी आपल्याकडच्या सरकारी मार्गदर्शक सूचनांतही तोच आकडा आहे. माझ्या रोजच्या वाटेवर एका ठिकाणी टेपनं मोजलं तर मधली जागा बावीस इंच निघाली, म्हणजे मोटरसायकलचं हँडल तिरकं करून पोरं आरामात जातात आणि खुर्ची अजिबात जात नाही. ज्यांच्यासाठी उतार बांधला तेच बाहेर. मग मी रस्त्यावरून जाते, वाहत्या ट्रॅफिकच्या उलट दिशेनं, काहून तर मागून येणारी गाडी मला दिसत नाही, समोरून येणारी तरी दिसते.

ऊन-पावसाचंही लिहिते कारण आराखडे बनवणाऱ्यांच्या हे डोक्यात येत नसावं. मे महिन्यात दुपारी खुर्चीची ढकलायची कडी हाताला चटके देते, सायकलचे अर्धे हातमोजे लागतातच. रॅम्पला स्टीलची रेलिंग असेल आणि वर शेड नसेल तर दुपारी तिला हात लावता येत नाही. पावसात छत्री धरता येत नाही, दोन्ही हात चाकांवर असतात, म्हणून मांड्या झाकेल असा सैल पोंचो घ्यावा लागतो, आणि ओले हात कडीवरून सटकतात तेव्हा गुळगुळीत ग्रॅनाइटचा रॅम्प धोक्याचा होतो. रॅम्पचा उतार १:१२ पेक्षा तीव्र नसावा, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी, हा नियम कागदावरच ठीक असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा पावसात स्वतःच्या हातांनी खुर्ची चढवून बघावी. अनेक दुकानांपुढचे रॅम्प स्कूटर चढवायला केलेले असतात, ते आपले नाहीत.

आमच्या ऑफिसातले एक सर पूर्ण अंध आहेत, पांढरी काठी घेऊन एकटे फिरतात, त्यांचा अनुभव माझ्यापेक्षा वेगळा आहे म्हणून त्यांना विचारून लिहितेय. स्टेशनच्या आतल्या पिवळ्या उंचवट्याच्या लाद्या, लांब पट्ट्या म्हणजे चालत राहा आणि गोल ठिपके म्हणजे थांबा, पुढे जिना, वळण किंवा कड आहे, या त्यांना अगदी सोयीच्या वाटतात. बाहेर त्या पट्टीवरच कोणीतरी गाडी लावतं. ते म्हणाले, "पट्टी नसती तर मी काठीनं चाचपत गेलो असतो, पट्टी आहे म्हणून विश्वासानं चालतो आणि सरळ सायलेन्सरवर पाय जातो." त्यांचा पाय भाजलाय असा. माझ्यासाठी अडथळा म्हणजे वळसा, त्यांच्यासाठी अडथळा म्हणजे जखम, हा फरक मला त्यांच्याशी बोलल्यावर कळला.

मेट्रो जात नाही तिथं ऑटो किंवा बस. ऑटोवाले बहुतेक चांगले निघाले, आमच्या चौकातले एक दादा खुर्ची दुमडून सीटच्या मागे अशी बसवतात की नट सैल होत नाही, आणि जादा पैसे मागत नाहीत. ॲपवरून बोलावलं की मात्र खुर्ची बघून राईड कॅन्सल, हे घडतं. बसचं गणित समजून घेतलं पाहिजे. जुन्या पद्धतीच्या बसचा मजला जमिनीपासून ९०० मिलिमीटर, सेमी लो फ्लोअर ६५०, आणि खरी लो फ्लोअर ४००. आता फुटपाथ १५० मिलिमीटर उंच धरा, लो फ्लोअर बस फुटपाथला चिकटून उभी राहिली तर फरक उरतो २५० चा, छोटा फोल्डिंग रॅम्प टाकून थोड्या मदतीनं चढता येतं. तीच बस रस्त्याच्या मधे उभी राहिली की फरक परत ४०० चा, तोच रॅम्प एकदम उभा होतो आणि दोन माणसांनाही खुर्ची वर नेणं जड जातं. म्हणजे चांगली बस घेऊन भागत नाही, स्टॉपसमोर ऑटो आणि गाड्या उभ्या नसल्या पाहिजेत आणि ड्रायव्हरला कडेला लावायची सवय पाहिजे. बस मी फार कमी वापरली, त्यामुळे जास्त लिहीत नाही. लांबच्या प्रवासात एसटीला दिव्यांगांना तिकिटात ७५ टक्के सवलत आहे, ती हवीच, पण सवलत घ्यायला आधी बसमध्ये चढता आलं पाहिजे.

पार्किंगवर मात्र मला भरपूर बोलायचंय. सुट्टीच्या दिवशी नवरा कार चालवतो, मी शेजारी. लोकांना वाटतं दिव्यांग पार्किंग म्हणजे दाराजवळची जागा, लांब चालावं लागू नये म्हणून केलेली सोय. जवळ असणं हवंच, दारापासून ३० मीटरच्या आत असं मानकात आहे. पण माझ्यासारखीला खरी गरज रुंदीची असते. कारची साधी जागा साधारण अडीच मीटर रुंद, दिव्यांगांची ३.६ मीटर, ती जास्तीची पट्टी मोकळी ठेवायची असते आणि तिच्यावर तिरक्या रेघा मारतात. तिथं दार पूर्ण उघडायचं, खुर्ची सीटला चिकटवून लावायची, ब्रेक, मग हातांवर अंग उचलून सरकायचं. दार अर्धंच उघडलं तर खुर्ची सीटपर्यंत येतच नाही, मधे फूटभर पोकळी राहते आणि पडायची भीती.

एका मॉलमध्ये आम्ही बरोबर त्या जागी गाडी लावली, खरेदी करून आलो तर रेघांच्या पट्टीत स्कूटर. मोकळी दिसते ना जागा, म्हणून कोणीतरी लावून गेलं. गार्ड भाऊ म्हणाले, "मॅडम, रेघा मारलेल्या तं नो पार्किंगच्या वाटते, गाडी लावायची नाही एवढं लोकाईले समजते, पण स्कूटरले गाडीत धरत नाही." त्यांनी मालकाला माईकवरून बोलावलं, तो येईपर्यंत मी बेसमेंटच्या धुरात बसून, नवऱ्यानं शेवटी कार बाहेर काढून मधल्या रस्त्यात उभी केली आणि मागच्या गाड्यांचे हॉर्न ऐकत मी आत बसले. दुसऱ्या एका ठिकाणी जागेवर खूण रंगवलेली होती पण ती दोन खांबांच्या मधे, रुंदी बाकीच्यांइतकीच. रंग मारला, जागा दिली नाही. आणखी एका दवाखान्यात ती जागा डॉक्टरांच्या गाड्यांनी भरलेली. दवाखान्यात!

ही कोणाची मेहरबानी मागतोय असं नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा, त्याच्या कलम ४१ मध्ये बस स्टॉप, रेल्वे स्टेशन, विमानतळ इथलं पार्किंग, शौचालयं, तिकीट खिडक्या सगळं नाव घेऊन लिहिलंय. कायदा मोडला तर कलम ८९ प्रमाणे पहिल्यांदा दहा हजारांपर्यंत दंड, पुढच्या वेळी पन्नास हजार ते पाच लाख. नियम २०१७ मध्ये आले आणि जुन्या सार्वजनिक इमारती सुधारायला पाच वर्षं दिली होती, ती २०२२ लाच संपली. ८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रतुरी यांच्या केसमध्ये, ते स्वतः अंध आहेत, सुप्रीम कोर्टानं सांगितलं की नुसते शिफारशीसारखे नियम चालणार नाहीत, बंधनकारक मानकं करा, आणि त्यासाठी केंद्राला तीन महिने दिले. तक्रार लिहिताना हे कलम आणि तारीख घालत जा, मी घालते, "कृपया सहकार्य करावे" पेक्षा लवकर उत्तर येतं.

आणि बदल होतो, तेही सांगते. आमच्या ऑफिसच्या बिल्डिंगच्या सेक्रेटरी काकांना मी पार्किंगमध्ये नेलं आणि कारमधून उतरून दाखवलं, एक शब्द जास्त न बोलता. त्यांनी दुसऱ्या आठवड्यात रेघांच्या पट्टीत मधोमध एक हलका प्लास्टिकचा कोन ठेवला, स्कूटर बंद, आणि कोन मला बसल्या बसल्या हातानं सरकवता येतो. साखळी लावली असती तर सोडायला माणूस शोधावा लागला असता. वाटेवर जिथं पाईपांमध्ये बावीस इंचच जागा होती, तिथला एक पाईपही टेप लावलेल्या फोटोसकट तीनदा लिहिल्यावर काढला गेला, बाजूचे दोन जागेवरच आहेत, मोटरसायकली आधीही जातच होत्या, आता खुर्चीही जाते. काम अर्ध्या दिवसाचं होतं. फोटोत टेप दिसली पाहिजे, नुसत्या फोटोवर "जागा पुरेशी आहे" असं उत्तर येतं.

पहिल्यांदा जाणार असाल तर दुपारी अकरा ते चारच्या मधे जा, लिफ्ट मोकळ्या असतात. आदल्या दिवशी कोणाला तरी पाठवून स्टेशनची लिफ्ट रस्त्याच्या कुठल्या बाजूला आहे ते बघून घ्या, कारण चुकीच्या बाजूला ऑटोनं उतरलात तर वर्धा रोड ओलांडणं खुर्चीवरून एकट्यानं करण्यासारखं नाही. हातमोजे, छोटा ॲलन की (खुर्चीचे बोल्ट आवळायचा षटकोनी पाना) आणि पोंचो बॅगेत ठेवा. ॲक्वा लाईनवर कोणी रोज खुर्चीवरून जात असेल तर स्टेशनबाहेरचा रस्ता कसा आहे ते मला सांगा, विशेषतः शंकर नगर आणि सुभाष नगरच्या बाजूचा, माझ्या मैत्रिणीला तिकडे नोकरी लागतेय आणि तिची खुर्ची माझ्यापेक्षा दोन इंच रुंद आहे.