आयटीआयचा फूड प्रॉडक्शन कोर्स केला, खरं खरं सांगतो

दादरच्या कॅटरिंग कॉलेजला जायचं स्वप्न होतं, पण तिथल्या 3 वर्षांच्या डिग्रीसाठी एनसीएचएम जेईई ही हॉटेल मॅनेजमेंटची देशभराची प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि ती काय आपल्याच्याने निघाली नाही. मग आयटीआयचा फूड प्रॉडक्शन जनरल घेतला, दहावी पास चालतं, 1 वर्ष, सर्टिफिकेट एनसीव्हीटीचं, म्हणजे केंद्राच्या व्यवसाय प्रशिक्षण परिषदेचं. नातेवाईक म्हणाले, आचारी होणार का? म्हटलं हो.

पहिला महिना नुसता कांदा. ब्रुनवाज म्हणजे 3 मिमीचे चौकोन, सर पट्टी घेऊन मोजायचे, चुकलं की ते सगळं स्टॉकच्या, म्हणजे सूप-रश्श्यासाठी उकळत ठेवलेल्या पाण्याच्या पातेल्यात आणि परत नवीन कांदा घ्या! डोळ्यांची वाट लागली, पण आज हॉटेलात कॉमी म्हणजे शेफच्या हाताखालचा ज्युनिअर कुक म्हणून उभा आहे तो त्याच हातावर.

वैताग एकच, 2 पैकी 1 ओव्हन कायम बंद आणि एका चिकनवर 8 पोरं, जॉइंटिंग, म्हणजे सांध्यांवरून तुकडे करणं, शिकायचं की बघायचं? फी मात्र किरकोळ. आयटीआयला जायच्या आधी एका खाजगी इन्स्टिट्यूटमध्ये चौकशी केलेली, टाय घातलेला माणूस क्रूझच्या जॉबच्या गप्पा मारत होता, मान्यता कोणाची विचारल्यावर चहा मागवला त्याने.