प्लॅनेटरी बॉल मिल: एप्रिल ते दिवाळी वापरून झाल्यावर

लॅबसाठी टेबलटॉप प्लॅनेटरी बॉल मिल (फिरत्या जारमध्ये गोळ्यांनी पावडर दळणारं मशीन) घेत असाल, तर किमतीआधी जार आणि गोळे कशाचे आहेत ते विचारा. आमच्याकडे ती एप्रिलपासून सुरू आहे आणि काम मुख्यतः बेरियम टायटनेटचं, म्हणजे कपॅसिटरमध्ये लागणाऱ्या सिरॅमिकचं. मशीन दणकट आहे. तक्रार आहे ती सोबत आलेल्या स्टीलच्या संचाबद्दल.

स्टीलमध्ये दळलेल्या पावडरचे पेलेट (दाबून केलेल्या चकत्या) फर्नेसमधून निघाले ते तपकिरी झाक घेऊनच. गोळ्यांचं झिजलेलं लोखंड पावडरीत उतरतं, टायटॅनियमच्या जागी बसतं आणि ऑक्सिजनच्या जागा रिकाम्या पाडतं. कपॅसिटन्स मोजणाऱ्या एलसीआर मीटरवर डायइलेक्ट्रिक लॉस (उष्णतेत वाया जाणारी विद्युत ऊर्जा) वाढल्याचं लगेच कळतं, त्यातही कमी फ्रिक्वेन्सीला आणि पेलेट तापवल्यावर. मग झिर्कोनियाचा, म्हणजे कठीण सिरॅमिकचा संच मागवला. महाग पडला, पण पेलेट फिकट क्रीम रंगाचे यायला लागले. झिजतो तोही, पण लोखंडाइतका घात करत नाही.

लॅबमधल्या मुलांना वाटतं, जितकं जास्त दळू तितकं चांगलं. तसं नाही. सिंटरिंगनंतर (फर्नेसमध्ये भाजून घट्ट केल्यावर) ग्रेन, म्हणजे आतले कण, 10 मायक्रॉनच्या वर गेले, तर डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट (विद्युत प्रभार साठवण्याच्या क्षमतेचा आकडा) 1,500 ते 2,000 मिळतो. 1 मायक्रॉनच्या आसपास तो 5,000च्या घरात जातो आणि त्याहून बारीक झाले की परत उतरतो.

खरी गोम वाळवण्यात आहे, आणि ती कुठल्याच मॅन्युअलमध्ये सापडत नाही. आयपीएमध्ये (आयसोप्रोपिल अल्कोहोल) दळलेला लगदा ट्रेमध्ये तसाच सोडला की त्याचे कडक खडे होतात. प्रेसमध्ये ते नीट फुटत नाहीत, पेलेटमध्ये पोकळ्या राहतात आणि पोकळीतल्या हवेचा कॉन्स्टंट जेमतेम 1. मीटरवरचा आकडा पडतो आणि शिव्या मिलला बसतात! वाळेपर्यंत ढवळत राहा, खलात फोडा, चाळा, मगच पीव्हीए (पावडर बांधून ठेवणारा चिकट पदार्थ) घाला.

नागपूरचा मे महिना वेगळाच. पारा 45च्या पुढे, लॅबमध्ये एसी नाही. जार इतके तापतात की पंधरा मिनिटं चालवून दहा मिनिटं थांबवावं लागतं. आयपीए भरलेल्या जारचं झाकण जार गार झाल्याशिवाय उघडूच नका. आणि कूलरच्या झोतात पावडर तोलू नका, ओल धरते ती धरतेच, वर उडते.

सर्व्हिसच्या नावाने बोंब. पट्टा सैल झाला तेव्हा विक्रेता फोनच उचलेना, शेवटी मोटार रिवाइंडिंगवाल्याने बसवून दिला. कोटेशनमध्येच जादा पट्टा आणि झाकणाच्या रबरी रिंगा लिहून घ्या.